पेटीतला वारा

उन्हाळ्यात घरोघरी वाळवणं होतात आणि सगळं श्रेय ऊन घेऊन जातं. वाऱ्याचं नाव कुणी काढत नाही. वसईच्या बाजूला, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील सुकताना पाहिले की हा अन्याय लक्षात येतो. बांबूंच्या उंच वलांडी उभ्या असतात, त्यांना आडव्या दोऱ्या, आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते जोडीजोडीनं दोरीवर टाकलेले. नुसतं ऊनच हवं असतं तर वाळूवर चटई पसरून भागलं असतं. कोळणी एवढा खटाटोप करतात तो चारी बाजूंनी वारा फिरावा म्हणून.

सांगलीकडचा बेदाणा तर ऊन अंगाला लागूच देत नाही. तासगाव, कवठेमहांकाळच्या माळावर वर हिरवं शेडनेट टाकलेल्या लांबलचक शेड दिसतात. आत एकावर एक जाळ्यांचे मजले आणि त्यांवर द्राक्षं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा बारीक थर असतो, तो पाणी बाहेर सोडत नाही. म्हणून मणी आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात आणि मग सावलीत पसरतात. पुढचं काम कोरडा वारा करतो, दोनेक आठवड्यांत. उन्हात टाकला असता तर बेदाणा तांबूस-काळा झाला असता. सावलीमुळे तो हिरवट-पिवळा राहतो आणि बाजारात त्या रंगाचेच पैसे मिळतात. या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते द्राक्षाला मिळालं असं लोक समजतात. मला वाटतं त्यातलं निम्मं त्या माळावरच्या हवेचं आहे.

हे मला पूर्वीही दिसत होतं, पण त्याचा अर्थ कळला तो घरात डिहायड्रेटर आल्यावर. त्या यंत्राला बहुतेक पाहुणे छोटा ओव्हन समजतात. ‘मग मायक्रोवेव्हमध्ये होत नाही का गं हे?’ हा प्रश्न ठरलेला. ओव्हन पदार्थ शिजवतो. ही पेटी पदार्थाला शिजू न देता त्याच्यातलं पाणी तेवढं काढून नेते. आत काय असतं? तापणारी एक तार, एक पंखा, तापमान धरून ठेवणारा थर्मोस्टॅट आणि जाळीचे ट्रे. बस्स. तापमानाचा पल्ला साधारण ३५ ते ७० अंशांचा. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारपेक्षा थोडं खाली सुरू होऊन हात लावल्यास चटका बसेल इथपर्यंत. यातली तार ही मदतनीस आहे, मालक पंखा.

पण तारेशिवाय पंख्यालाही काही करता येत नाही, आणि त्यातली गंमत पावसाळ्यात कळते. जुलैमध्ये डोंबिवलीत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के ही रोजची गोष्ट. त्या हवेत मेथी पसरून टेबलफॅन लावला तर मेथी वाळण्याआधी कुजेल. तीच हवा, तिच्यातलं एक थेंबही पाणी न काढता, ५७ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १९ टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी तेवढंच, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढलेली. आषाढातल्या डोंबिवलीच्या हवेला मे महिन्यातल्या विदर्भाची तहान लागते. मग ती ट्रेवरून फिरते, पाणी पिते आणि मागच्या झरोक्यातून बाहेर पडते; तिच्या जागी नवी तहानलेली हवा. पंखा बंद पडला तर फोडीभोवती ओल्या हवेचं वेष्टण तसंच बसून राहील आणि पेटीत जे होईल त्याला वाफवणं म्हणतात.

उष्णता वाढवली की काम लवकर आटपेल, असा मोह होतोच. फळांच्या बाबतीत तर फार. पण हवा फार कडक झाली की फोडीचा वरचा थर झटपट सुकून त्याचं कातडं होतं आणि आतलं पाणी आतच कोंडतं. हाताला फोड ठणठणीत लागते, बरणीत गेली की चार दिवसांत स्वतःच्याच ओलीनं मऊ पडते, मग पांढरी. म्हणून पालेभाजी, कढीपत्ता, पुदिना यांना ३५ ते ४५ अंश. फळं आणि भाज्या ५५ ते ६० अंश. आणि घड्याळाकडे न बघण्याची तयारी.

घ्यायचं कोणतं, हा प्रश्न मला आता आठवड्याआड कुणीतरी विचारतंच. बाजारात या यंत्रांची दोन घराणी आहेत. एक गोल: थाळ्यांची चळत, पंखा तळाशी किंवा झाकणात, आणि वारा खालून वर किंवा वरून खाली. स्वस्त, आटोपशीर, हवे तेवढे मजले चढवता येतात, वापर नसेल तेव्हा कपाटावर जातं. पण वारा एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ओला आणि थंड होत जातो. पंख्याजवळची थाळी कडक, लांबची ओलीच. मग दर दीड-दोन तासांनी थाळ्यांची अदलाबदल करायला उठा. पंखा तळाशी असला तर टोमॅटोचा रस नेमका त्याच्या डोक्यावर ठिबकतो. दुसरं घराणं चौकोनी पेटीचं: पुढे दार, पंखा पाठीमागे, आणि वारा सगळ्या ट्रेंवरून आडवा. ही महाग, आणि ओट्यावर मिक्सर आणि पाण्याच्या फिल्टरच्या शेजारी हिला जागा काढणं हा घरातल्या वाटाघाटीचा विषय. तरी ज्याला नेमानं वापरायचं आहे त्यानं पेटीच घ्यावी. गोल यंत्रं हौस फिटेपर्यंत चालतात, आणि बहुतेकांची हौस पहिल्या केळ्याच्या चकत्यांबरोबर फिटते.

ट्रे स्टीलचे बघावेत. आपण सुकवतो त्यात आंबट आणि खारट फार: आवळा, टोमॅटो, मिठातली मिरची. प्लास्टिकवर हळदीचा डाग बसला की तो त्या यंत्राच्या मरणापर्यंत राहतो. बारीक जाळीची किंवा सिलिकॉनची पत्री सोबत मिळते का हे विचारावं. नाहीतर वाळून बारीक झालेली मेथी खालच्या टोमॅटोवर पाऊस पाडते. आवाज दुकानातच ऐकून घ्यावा, कारण हा पंखा रात्रभर चालतो आणि दोन खोल्यांच्या घरात तुम्ही त्याच्या शेजारी झोपणार असता. तापमान बदलण्याची सोय नसलेलं, नुसतं चालू-बंद बटणाचं यंत्र कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये. आणि पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. आमच्या पेटीवर ६० अंश झळकतात तेव्हा मधल्या ट्रेवर ठेवलेला साधा थर्मामीटर ५४ सांगतो. कंपनीला कळवलं, त्यांनी ‘एवढा फरक असतोच’ असं अदबीनं सांगितलं. मी आता सहा अंश चढवूनच लावते.

सोबत आलेली माहितीपुस्तिका हा वेगळाच करमणुकीचा प्रकार. सफरचंद, पीच, गोमांसाच्या पट्ट्या, कुत्र्यासाठी खाऊ. मिरचीचा उल्लेख ‘सजावट’ या सदरात. कढीपत्ता नाही, आवळा नाही, चिकू नाही. आमच्या स्वयंपाकघराची पुस्तिका अजून कुणी लिहिलेली नाही. ती वहीत लिहायची पाळी ज्याची त्याच्यावर.

विजेचं काय, हा सासूबाईंचा पहिला प्रश्न होता आणि तो रास्त होता. पाण्याची वाफ करायला किती उष्णता लागते ते निसर्गानं ठरवलेलं आहे, त्यात कुठल्याच कंपनीची सवलत चालत नाही. ५० अंशांच्या आसपास एक लिटर पाणी उडवायला दोन-तृतीयांश युनिटच्या आसपास वीज हवीच, यंत्र कितीही शहाणं असो. टोमॅटोत ९४ टक्के पाणी. म्हणजे किलोभर टोमॅटोंसाठी किमान ०.६ युनिट, आणि घरगुती पेटीतून बरीच गरम हवा नुसतीच निघून जात असल्यानं प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त. ५०० वॅटचं यंत्र आठ तास अखंड तापलं तर ४ युनिट, ही वरची मर्यादा. थर्मोस्टॅट मधूनमधून तार बंद ठेवतो त्यामुळे तेवढी जात नाही. या हिशेबात ट्रे अर्धे रिकामे ठेवणं हा खरा उधळेपणा. आणि सूर्य? त्याच्याकडून महाराष्ट्रात दर चौरस मीटरला दिवसाकाठी सरासरी पाचेक युनिट फुकट उतरतात. ते वापरणारी माणसंही आहेत. वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘एस फोर एस’ या संस्थेनं विजेशिवाय चालणारा सौर ड्रायर बनवला. गावातल्या बायका त्यावर कांदा, टोमॅटो, आलं सुकवून विकतात. या कामाला २०२३ साली अर्थशॉट पारितोषिक मिळालं. माझ्या गॅलरीत सूर्य सकाळी पावणेदोन तास येतो, तोही समोरच्या टॉवरच्या मर्जीनं. सोसायटीच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आणि गच्चीवर कबुतरांचं राज्य. सासूबाईंनी हा युक्तिवाद ऐकून घेतला, आणि ‘बिल आल्यावर बोलू’ म्हणाल्या.

बिलापेक्षा मोठा बदल वेगळाच झाला. आपल्या वाळवणाचं पंचांग ठरलेलं आहे: चैत्र-वैशाखात वाळवायचं, आषाढ-श्रावणात खायचं. त्यामुळे आपण वाळवतो ते मुख्यतः जे उन्हाळ्यात घरात असतं ते. गहू, तांदूळ, उडीद, साबुदाणा, बटाटा. कुरडया, पापड, चिकवड्या, कीस. भाज्या त्या मानानं थोड्याच, कारण भाज्यांचा बहर थंडीतला आणि तेव्हाचं ऊन मवाळ. खानदेश-विदर्भात हवाच कोरडी, म्हणून तिथल्या बायकांनी वांग्याच्या खुला, वाळलेली गवार, हरभऱ्याचा वाळवलेला पाला अशी एक अख्खी दुसरी भाजीमंडई माळ्यावर उभी केली. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते जमण्यासारखं नव्हतं. आम्ही मासळी सुकवली, कारण तिला किनाऱ्यावरच्या वाऱ्याची आणि कधी मिठाची साथ होती.

पेटी आल्यावर हे पंचांग उलटं फिरलं. पौषात मेथीच्या जुड्या मातीमोल होतात तेव्हा मेथी. माघात मटार, ते आधी दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात टाकायचे, म्हणजे त्यांच्यातली रंग आणि चव बिघडवणारी विकरं गप्प होतात. गाजरालाही हेच. श्रावणात कुंडीतला कढीपत्ता अंगावर येतो तेव्हा कढीपत्ता. आणि टोमॅटो भाव पडेल तेव्हा. २०२३ साली भाव कोसळले म्हणून नाशिककडे शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते, आणि त्याच वर्षी जुलैत शहरात किलोला दीडशेच्या वर मोजायची वेळ आली. माझ्या पाच ट्रेंनी शेतकऱ्याचं काहीच भलं होत नाही हे मला ठाऊक आहे. पण त्या जुलैत ज्यांच्या डब्यात टोमॅटोची पूड होती त्यांनी साराची फोडणी नेहमीसारखीच घातली असणार.

टोमॅटोचं जरा सविस्तर सांगते, कारण यंत्राची सगळी परीक्षा त्याच्यात होते. लांबट, घट्ट गराचे घ्यायचे. गावठी, रसरशीत टोमॅटो सारासाठी उत्तम पण इथे नुसतं पाणी. चकती अर्धा सेंटिमीटर, फार तर त्याहून केसभर जास्त, आणि सगळ्या सारख्या. ही सारखी असण्याची अट हातानं सुरी चालवणाऱ्यांना जाचक वाटते, पण एकाच ट्रेवर निम्म्या चकत्या जळकट आणि निम्म्या चिकट नको असतील तर स्लायसर काढावा. चकत्या एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, मधून वारा जायला हवा. पहिल्या तासात दाराच्या काचेला आतून घाम फुटतो आणि घरभर कच्च्या टोमॅटोचा हिरवट वास. मग बियांभोवतीचा गर आटायला लागतो. बिया आधी पाण्यात बुडलेल्या दिसतात, मग वर येतात, मग प्रत्येक बी जाळीवर मोत्यासारखी वेगळी उठून दिसते. चकतीची कड आत वळते, रंग लालावरून विटकरीवर जातो. वास बदलतो तो इथे. हिरवटपणा जाऊन गोडसर, थोडा चिंचेच्या जवळ जाणारा. या टप्प्यावर काढावंसं वाटतं. काढू नये. गरम चकती मऊच लागते, तिच्यावरून काही ठरवता येत नाही. एक चकती बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्यायची आणि मग मोडायची. कट्कन मोडली तर पूड करायला झाली. वाकली तर परत आत. किलोभराचे शेवटी साठ-सत्तर ग्रॅम उरतात. मूठभर. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव येतो.

फळांना एवढं कडक करावं लागत नाही, आणि हे पुष्कळांना कोडं वाटतं: बेदाणा, खजूर हाताला मऊ लागतात, मग ते टिकतात कसे? बुरशीला आणि जिवाणूंना एकूण पाण्याशी कर्तव्य नसतं, त्यांना हवं असतं मोकळं पाणी. फळातली साखर उरलेलं पाणी आपल्याजवळ बांधून ठेवते. हे मोकळेपण शून्य ते एक अशा पट्टीवर मोजतात. शुद्ध पाणी एकवर, ०.८५ च्या खाली आलं की रोग करणारे जिवाणू वाढत नाहीत, आणि ०.६ च्या खाली कुठलीच बुरशी धरत नाही. घरात ही पट्टी कुणाकडे नसते. म्हणून बरणीची रीत: फळं गार करून काचेच्या बरणीत दोन-तृतीयांशच भरायची आणि आठवडाभर रोज एकदा हलवायची. एखाद्या फोडीत ओल राहिली असेल तर ती बाकीच्यांत वाटली जाते. काचेवर आतून दमटपणा दिसला तर पुन्हा पेटीत. हे न करता थेट घट्ट डब्यात कोंबणारे लोक महिन्याभरानं यंत्राला शिव्या देतात.

चिकू या पेटीत अप्रतिम होतो. घोलवडचा, पिकलेला पण बोटानं दबणार नाही असा, साल काढून चकत्या केला तर सकाळपर्यंत चघळायची टॉफी. केळ्यासाठी मात्र मला आगाशीकडच्या सुकेळ्यांपुढे मान खाली घालावी लागते. राजेळी केळी पूर्ण पिकवून, सोलून, आख्खीच्या आख्खी उन्हात; दिवसा ऊन, संध्याकाळी झाकून ठेवायची, उद्या पुन्हा पालटून; आणि शेवटी मधासारखी पारदर्शक तपकिरी, वाळक्या केळीच्या पानात बांधलेली. आख्खं केळं पेटीतही वाळतं, पण त्याला तो रंग आणि तो दाटपणा येत नाही. मला वाटतं रात्रीची विश्रांती कमी पडते. दिवसा वरचं पाणी जातं, रात्री आतलं पाणी वर येतं, दुसऱ्या दिवशी ते जातं. यंत्र ही उसंत देत नाही. रात्री बंद ठेवून बघितलं तर थोडं जवळ जाता येतं. आंब्याच्या साटांचंही तसंच. पेटीतली आंबापोळी एकसारखी आणि देखणी होते, पण उन्हात थरावर थर ओतत गेलेल्या साटाला दातांना जो विरोध असतो तो हिला नाही.

उलट पालेभाजीत पेटी उन्हाला सरळ हरवते. उन्हानं मेथीचा हिरवा रंग उडतो आणि त्याबरोबर तिच्यातलं कॅरोटिनही. पेटीत ऊन पोचत नाही. चाळीस अंशांवर वाळलेली मेथी बरणीत इतकी हिरवी दिसते की पाहुणे रंग घातला का विचारतात. पावसाळ्यात बरणी उघडी टाकून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत ती नरम पडलेली असेल, एवढंच सांभाळायचं.

माझा भाचा हिमालयात ट्रेकला जातो. त्याच्यासाठी शिजवलेलं अन्न वाळवायला लागले आणि यंत्राची एक वेगळीच बाजू दिसली. घोटलेलं वरण पत्रीवर पातळ पसरून, राजमा अगदी गाळ शिजवून, भात मोकळा करून. एकच पथ्य: तेल-तूप जवळपास नाही. स्निग्ध पदार्थ वाळत नाहीत, ते राहतात आणि खवट होतात. फोडणी वर जाऊन घालायची. तो म्हणतो, बारा हजार फुटांवर गरम पाण्यात टाकलेलं वरण फुलायला लागलं की तंबूत घरचा वास येतो. वरणाला वास असतो हे त्याला घरी कधी जाणवलं नव्हतं.

सुका जवळा, बोंबील वगैरे मात्र मी घरात करत नाही. तंत्राचा प्रश्न नाही. मला याच बिल्डिंगमध्ये राहायचंय.

आणि कुरडया? सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. होतात की. पण जुनी नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब आणि मीटरभर रुंद. ती खाटेवर, गच्चीवर पसरली की आठ-नऊ चौरस मीटरचं वाळवण एका वेळी पडतं. माझे पाचही ट्रे मिळून अर्धा चौरस मीटर भरत नाहीत. गहू तीन दिवस भिजवा, वाटा, चीक काढा, शिजवा, सोऱ्या धरा, आणि मग ट्रेवर चार कुरडया! चीक थांबत नाही, त्याला एकाच सकाळी सगळी जागा लागते. यंत्र तीन माणसांच्या घराच्या मापाचं आहे आणि कुरडई तीन माणसांचा पदार्थ नव्हे. आम्ही त्या आता विकतच आणतो, कर्जतच्या बचतगटाकडून.

मापाचा हा मुद्दा कोकमांनी फार जोरात मांडला. २०२५ साली मे महिन्यातच पाऊस कोसळला; २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, इतका लवकर तो गेल्या पाऊणशे वर्षांत आला नव्हता, आणि सिंधुदुर्गात तर त्याआधीच. मालवणजवळ माझ्या मावशीच्या परसात रातांबे नुकते फोडून झाले होते. कोकम म्हणजे नुसतं वाळवणं नव्हे. बिया-गर काढून साल मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. अशी पुटांवर पुटं. मधेच पाऊस आला तर तीन दिवसांची मेहनत बुरशीला. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण अमृता’ ही लवकर पिकणारी जात काढली ती याच भीतीपोटी, पण मावशीची झाडं तिच्या सासऱ्यांच्या हातची, त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. तिचा फोन आला: ‘ता तुझा यंत्र घेऊन ये.’ पेटी कोकण रेल्वेत बर्थखाली घालून नेली.

मावशीनं दार उघडून आत बघितलं, ट्रे बाहेर काढले, मोजले, आणि अंगणातल्या पाच घमेल्यांकडे बघून काहीच बोलली नाही. तरी लावलं. पुटं देत, ५८ अंशांवर, एका वेळी जेमतेम अर्धं घमेलं. सालं छान वाळली, आंबटपणा सगळा राखून. रंग मात्र लालच राहिला. ‘काळी पडाक नाय,’ हा तिचा पहिला शेरा. मी म्हटलं बरणीत पडतील हळूहळू. दुसऱ्या दिवशी दुपारी वादळानं खांब पडला आणि संध्याकाळपर्यंत वीज नाही. अर्धवट सालं पेटीत, मावशी पडवीत सुपारी कातरत. ‘लाईट गेली काय तुझो वारोय गेलो,’ म्हणाली, आणि सालं उचलून चुलीवरच्या फळीवर नेऊन पसरली. तिथे ती धुरकट झाली पण वाचली.

मला वाटलं विषय संपला. पण परत निघताना बघते तर ती पेटीच्या पाठीला डोळा लावून बसलेली. पंखा कुठे, हवा कुठून आत येते, कुठून जाते. ट्रेची लांबी वितीनं मोजून घेतली. मधल्या खोलीतलं मामंजींचं जाळीचं फडताळ, ज्यात पूर्वी दूध-दही ठेवत, ते तिच्या डोक्यात होतं: खाली चार बल्ब, एक पंखा, इन्व्हर्टरवर, आणि वरती हव्या तेवढ्या जाळ्या, घमेली मावतील एवढ्या. तिला माझ्यासारखं पुस्तिका वाचून कळलं नव्हतं की यात तार गौण आहे. बोंबील टांगलेले तिनं जन्मभर बघितलेत.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. रातांबे यंदाही भरपूर धरलेत, सुतार उद्या येतलो, फडताळाची मागची फळी कापायची की नाही ते ठरवायचंय. ‘पंखो पाठीमागे लावूचो की वर, तां जरा इचारून सांग.’ मी म्हटलं, मागेच लाव, आणि वर झरोका ठेव. वर लावलास तर खालच्या जाळीवरची सालं ओली राहतील आणि दर दोन तासांनी तुला उठून जाळ्या बदलाव्या लागतील. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, उठूचा तर लागतलाच, पुटां कोण देतलो?